घोड्याची दाढ काढताना काय काय बिघडू शकतं

माणसांचे दात काढणं हा माझा रोजचा धंदा. दादरला दवाखाना आहे आणि आठवड्याला आठ-दहा दाढा तरी माझ्या हातून निघतात. इंजेक्शन, पंधरा-वीस मिनिटांची खटपट, मग कापूस चावायला द्यायचा, ‘आज गरम काही खाऊ नका’ म्हणायचं, की झालं. माझी एक कॉलेजातली मैत्रीण परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकली आणि आता घोड्यांचंच काम करते. ‘उद्या घोड्याची दाढ काढायची आहे, येतेस बघायला?’ असं तिनं विचारलं तेव्हा मी सवयीनं म्हणाले, ‘अकराला माझा पेशंट आहे, तोवर मोकळी होशील ना?’ ती हसली. ‘अकराचा पुढे ढकल. दुपारचेही ढकल.’

महालक्ष्मीच्या बाजूला एका तबेल्यात बादल उभा होता. नऊ वर्षांचा, कुमैत रंगाचा, रेस सोडून आता मुलांना बसायला शिकवण्याच्या कामावर असलेला. दोन महिने त्याची उजवी नाकपुडी वाहत होती. आधी कुणीतरी सर्दी समजून अँटिबायोटिक दिलं होतं. औषध चालू असेपर्यंत नाक कोरडं, बंद केलं की आठवड्यात पुन्हा तेच. त्याचा साईस, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी मला नाकपुडीजवळ वाकून वास घ्यायला लावलं. त्या वासासाठी मला पदवीची गरज नव्हती. कुजलेल्या दाढेचा वास माणसाचा काय अन् घोड्याचा काय, एकच.

इथेच पहिली खूण सांगून ठेवते, कारण घोडा पाळणाऱ्याला ती सगळ्यात उपयोगी आहे. सर्दी झालेल्या घोड्याच्या बहुधा दोन्ही नाकपुड्या वाहतात. एकच नाकपुडी वाहत असेल आणि घाण येत असेल, तर वरच्या दाढांकडे बघायचं. माणसातही वरच्या दाढेचं मूळ गालाच्या हाडातल्या पोकळीला, म्हणजे सायनसला, टेकलेलं असतं. घोड्यात हे शेजारपण फार मोठ्या प्रमाणावर आहे. वरच्या ओळीतल्या सहा दाढांपैकी मागच्या चारांची मुळं सायनसच्या पोकळीत शिरलेली असतात, मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा तेवढा. मुळाशी पू झाला की तो पापुद्रा झिजतो, पू सायनसमध्ये उतरतो आणि तिथून त्या बाजूच्या नाकात.

आता दाढेची रचना. हे नीट कळलं तर पुढची प्रत्येक भानगड आपोआप कळते, म्हणून इथे जरा रेंगाळते.

आपली दाढ एकदा उगवली की उगवली, पुढे वाढत नाही. घोडा दिवसाचे कित्येक तास गवत चघळतो, आणि गवतात खरखरीत सिलिका असते. आपल्यासारख्या दाढा असत्या तर चार-पाच वर्षांत संपल्या असत्या. म्हणून निसर्गानं त्याला शिसपेन्सिलीसारखी सोय दिली आहे. तरुण घोड्याची दाढ सात ते दहा सेंटीमीटर लांब असते, पण तोंडात दिसतो तो वरचा दोनेक सेंटीमीटरचा तुकडा. बाकीचा साठा जबड्याच्या हाडात पुरलेला. वरून वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झीज होते आणि खालून तेवढीच दाढ बाहेर सरकते. हा साठा घोड्याला विशी-पंचविशीपर्यंत पुरतो. घोडा म्हातारा झाला, दात संपले, तर तो दातांमुळे उपाशी मरतो असं पूर्वी उगाच म्हणत नसत.

याचा अर्थ माझ्या धंद्याच्या बरोबर उलटा होतो. माझ्याकडे कोवळ्या वयातला दात सोपा, पिकल्या हाडातला अवघड. घोड्यात तरुण जनावराची दाढ सगळ्यात अवघड, कारण ती जवळजवळ सगळी हाडात आहे. म्हाताऱ्या घोड्याची दाढ उरलीच असते बोटभर, ती तुलनेनं लवकर सुटते. बादल नऊ वर्षांचा. ‘अधलामधला,’ मैत्रीण म्हणाली, ‘म्हणजे बराच वेळ.’

त्यात सहाही दाढा एकमेकींना घट्ट चिकटून उभ्या. पहिली मागे कललेली, शेवटची पुढे कललेली, त्यामुळे सगळी ओळ एकाच जात्याच्या पाळीसारखी दाबून बसते. चिमटा शिरायला फट नाही. शिवाय घोड्याचं तोंड बाहेरून एवढं थोरलं दिसतं, पण ओठांची फट छोटी आणि आतली गल्ली अरुंद. मागच्या दाढेपर्यंत पोचायचं तर हात जवळपास कोपरापर्यंत आत. मी रोज तीन इंचांवर, दिव्याच्या झोतात काम करते. तिला ते लांब दांड्याच्या हत्यारांनी, डोक्याला दिवा बांधून, आरशात किंवा दुर्बिणीच्या कॅमेऱ्यात बघत करायचं असतं, तेही श्वास घेणाऱ्या, जीभ हलवणाऱ्या साडेचारशे किलोच्या जनावराच्या तोंडात.

दातांचे नंबर ऐकून मात्र मला घरी आल्यासारखं वाटलं. आम्ही माणसाच्या वरच्या उजव्या पहिल्या मोठ्या दाढेला १६ म्हणतो: १ म्हणजे वरची उजवी बाजू, ६ म्हणजे मधल्या रेषेपासून सहावा दात. घोड्यात तीच दाढ १०९. १ म्हणजे वरची उजवी बाजूच, पण घोड्याला दात जास्त, म्हणून पुढे दोन आकडे. बादलची बिघडलेली दाढ १०९ होती, आणि ती बिघडावी यातही नवल नाही. पक्क्या दाढांमध्ये ही सगळ्यात आधी, शिंगरू वर्षाचं होता होता उगवते. सगळ्यात जुनी, म्हणून सगळ्यात जास्त घासलेली. किडणं आणि चिरणं यांत तिचा नंबर वरचा.

नंबरांचा विषय निघालाच आहे, तर सगळ्यात लाजिरवाणी चूक आधी उरकते: भलतीच दाढ काढणं. हसू नका. दाढा सगळ्या एकसारख्या, दिसतं कमी, बोटांनी चाचपून मोजायचं. त्यात आधी कधी एखादी पडली असेल तर शेजारणी सरकून जागा भरून काढतात आणि मोजणी एकानं चुकते. म्हणून चिमटा लावण्याआधी एक्स-रे, तोही शक्यतो दाढेवर खूण ठेवून, आणि दोन माणसांनी स्वतंत्र मोजणी. माझ्या मैत्रिणीनं मोजली, मग तिच्या मदतनिसानं मोजली. मग तिनं मलाही मोजायला लावली. माझा हात त्या उबदार, ओल्या बोळात शिरला तेव्हा मी एवढंच म्हणेन की मी पटकन मोजलं.

काढायची की नाही, हा प्रश्न मात्र त्याही आधीचा. दाढेला चीर दिसली म्हणून ती काढलीच पाहिजे असं नाही. कित्येक घोडे चिरलेल्या दाढेवर वर्षानुवर्षं सुखानं चघळतात. मूळ सडलंय का, सायनसमध्ये पू आहे का, दाढ हलते का, घोड्याला दुखतंय का, यावर निर्णय घ्यायचा. चघळताना गवताच्या चोथ्याचे गोळे तोंडातून पाडणं, चंदी, म्हणजे खुराकाचं धान्य, सांडणं, डोकं एका बाजूला कलवून खाणं, लगाम ओढला की झटका देणं ही दुखण्याची लक्षणं. मला विचाराल तर घाईनं काढलेली दाढ हीच पहिली गुंतागुंत.

‘धर्माची गाय आणि दात का गं नाय’ असं आपल्याकडे टोचून म्हणतात. रेस सोडलेला घोडा स्वस्तात मिळाला की नवे मालक त्याच्या तोंडात डोकावत नाहीत, ते बहुधा ही म्हण पाठ असल्यामुळे. डोकवावं. स्वस्तात आलेल्या घोड्याची एक दाढ त्याच्या किमतीपेक्षा महाग पडू शकते.

बादलला उभ्यानंच गुंगी दिली. डेटोमिडीन नावाचं औषध आणि जोडीला ब्युटॉर्फनॉल. पाय रोवून, मान खाली सोडून, खालचा ओठ लोंबकळत ठेवून तो अर्धवट झोपेत उभा राहिला. डोकं एका गादीदार आधारावर टेकवलं. ‘पूर्ण भूल का नाही देत?’ हे मी विचारणारच होते. उत्तर ऐकून गप्प झाले. निरोगी माणूस भुलीतून न उठणं आज इतकं दुर्मिळ आहे की आम्ही ते बोलतही नाही. घोड्यांच्या मोठ्या पाहण्यांमध्ये, पोटशुळाच्या शस्त्रक्रिया वगळल्या तरी, भुलीनंतर दगावण्याचं प्रमाण शंभराला एकाच्या आसपास आढळलं आहे. एवढं वजन आडवं पडलं की स्नायू चेंगरतात, फुप्फुसं दबतात, आणि शुद्धीवर येताना घोडा घाबरून धडपडला तर पाय मोडतो. म्हणून जे उभ्यानं होईल ते उभ्यानं.

पूर्वी असं नव्हतं. विसाव्या शतकात बराच काळ रूढ पद्धत होती ती अशी: घोड्याला भूल देऊन आडवा करायचा, चेहऱ्याच्या किंवा जबड्याच्या हाडाला भोक पाडायचं, मुळाच्या टोकाला पहार लावायची आणि हातोडीनं ठोकून दाढ तोंडात पाडायची. वाचतानाच अंगावर काटा येतो. दाढ निघायची, पण सोबत हाड फुटायचं, शेजारची दाढ दुखावायची, तुकडे आत राहायचे आणि जखमा महिनोन्महिने वाहत राहायच्या. १९९० नंतर तोंडातूनच, उभ्या घोड्याची दाढ काढण्याची जुनी रीत नव्या गुंगीच्या औषधांच्या बळावर परत आली आणि गुंतागुंती पुष्कळ कमी झाल्या. ठोकण्याची पद्धत आजही शेवटचा उपाय म्हणून शिल्लक आहे.

दात काढण्याचा इतिहास त्याहून कितीतरी जुना आहे, हे जाता जाता. मंगोलियात सापडलेल्या घोड्यांच्या कवट्यांवरून २०१८ मध्ये संशोधकांनी दाखवलं की तिथले पशुपालक सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच घोड्यांचे त्रासदायक दात कापून बघत होते. पुढे धातूची लगामकडी आली तेव्हा दाढांच्या ओळीच्या पुढे असणारा, कडीला टोचणारा चिमुकला दात ते काढू लागले. त्याला इंग्रजीत लांडग्याचा दात म्हणतात, आपल्या रेसकोर्सवरही ‘वुल्फ टूथ’च. रेसच्या शिंगरांचा तो आजही सर्रास काढतात. पाच-दहा मिनिटांचं काम, म्हणून हलक्या हातानं घेतलं जातं. पण त्याच्या आतल्या अंगाला टाळूची मोठी धमनी आहे. हत्यार निसटलं की रक्ताची धार लागते, आणि वेडावाकडा जोर लावला की मुळाचा टोकदार तुकडा हिरडीत राहतो. मग ज्या कडीसाठी दात काढला तिचाच त्रास चालू राहतो.

तर बादलकडे परत. गुंगीवर भागत नाही, दाढ बधिर करावी लागते. वरच्या दाढांसाठी इंजेक्शन डोळ्याच्या मागच्या खोलगट भागात, जिथे मोठी नस आहे तिथे जातं. सुई तिथल्या रक्तवाहिनीला लागली तर डोळ्यामागे रक्त साकळून डोळा बाहेर आल्यासारखा सुजतो. बहुतेक वेळा उतरतो, पण तोवर पापणी नीट मिटत नाही, बुबुळ कोरडं पडतं, त्याला मलम लावत बसावं लागतं. खालच्या दाढांच्या इंजेक्शनची गंमत वेगळी. त्यात जिभेची नसही बधिर होऊ शकते. मी माझ्या छोट्या पेशंटच्या आयांना बजावते, ‘ओठ सुन्न आहे, चावू देऊ नका.’ घोड्याला कोण बजावणार? गुंगी उतरली, समोर गवत दिसलं, की तो चघळायला लागतो आणि स्वतःचीच जीभ चावून ठेवतो, कधी खोल. उपाय अगदी साधा आहे: जिभेची जाणीव परत येईपर्यंत तोबरा नाही, गवत नाही, काही नाही.

मग खरं काम. आधी दाढेभोवतीची हिरडी सोडवली. मग दाढेच्या पुढे एकदा आणि मागे एकदा, दोन दाढांच्या मध्ये पाचरीसारखा चिमटा घालून, हळूहळू दाबून तसाच धरून ठेवला. ओढायचं नाही, नुसतं धरायचं, मिनिटांवर मिनिटं. दाढेला हाडाशी बांधणारे तंतू ताणाला दाद देतात, झटक्याला नाही. इथेही जागा बघून करावं लागतं. ओळीच्या अगदी टोकाच्या दाढेशेजारी जोर केला तर टोकाची निरोगी दाढच सैल होते, कारण तिला पलीकडून आधार नाही.

पुढे मोठा पकडचिमटा दाढेवर बसवला, दांडे बांधून टाकले आणि डावी-उजवीकडे अगदी थोडं थोडं हलवणं सुरू. तासभर काहीच नाही. मी दोनदा चहा पिऊन आले. बाहेर केशवराव खाडे मार्गावरच्या गाड्यांचे हॉर्न, आत घोड्याचा संथ श्वास आणि मैत्रिणीच्या कपाळावरून गळणारा घाम. दीड तासानं हिरडीच्या कडेला गुलाबी फेस दिसला आणि पचपच असा आवाज आला, चिखलातून पाय काढताना येतो तसा. तिचा चेहरा उजळला. हवा आणि रक्त दाढेच्या बाजूनं खेळायला लागलं, म्हणजे तंतू तुटले.

अवघड दाढेला तीन-चार तासही लागतात, आणि सगळ्यात मोठा धोका त्या तासांत काम करणाऱ्याच्या मनात असतो. हात दुखतात, गुंगीचा डोस वाढत जातो, मालक घड्याळ बघतो. मग कुणीतरी फेस येण्याआधीच ओढतो, आणि दाढ तुटते. किडलेली दाढ आधीच ठिसूळ असते. वरचं डोकं चिमट्यात येतं आणि सहा-सात सेंटीमीटर मूळ हाडात राहतं, आता पकडायला वर काहीही नसलेलं. माझ्याकडे मूळ राहिलं तर मी बारीक हत्यारानं दोन सेंटीमीटर खोलवरून काढते. तिच्याकडे तीच गोष्ट हातभर लांबून, अंधारात, रक्तानं भरलेल्या विहिरीच्या तळाशी करायची.

तुटलीच तर मार्ग आहेत. कॅमेरा आत घालून लांब वाकड्या सुयांनी तुकडे सैल करायचे. किंवा गालाला बाहेरून छोटंसं छिद्र पाडून, त्यातून दाढेत सरळ स्क्रू पिरगाळायचा आणि तिच्याच अक्षात बाहेर ठोकायची. हा नवा मार्ग चांगला आहे, पण गालातून चेहऱ्याची नस, रक्तवाहिन्या आणि लाळेची नळी जाते. नस दुखावली तर ओठ एका बाजूला लोंबतो. घोड्याच्या ओठाला आपण बोटं म्हणू शकतो, तो ओठानंच गवत गोळा करतो, तेव्हा हे नुसतं दिसण्याचं दुखणं नव्हे. लाळेची नळी तुटली तर प्रत्येक घासाला गालातून लाळ टपकते.

जबड्याचं हाड मोडणं त्यामानानं विरळा. खालचा जबडा, छोटं तट्टू, आधीच पुवानं पोखरलेलं हाड आणि वर दांडगाई, एवढं एकत्र आलं की होतं. रक्तस्राव दिसायला भयंकर असतो, पण घोड्याच्या अंगात रक्त किती याचा अंदाज असू द्या: साधारण पाचशे किलोच्या घोड्यात चाळीस लिटर. दाढेच्या खड्ड्यातलं रक्त गॉज दाबून थांबतं. टाळूची धमनी कापली गेली तर मात्र नुसतं बघत राहून चालत नाही, दाबून धरावं लागतं, वेळ पडली तर बांधावी लागते.

बादलची दाढ पावणेतीन तासांनी निघाली. मामांनी ती बादलीतल्या पाण्यात धुऊन माझ्या हातात दिली. माझ्या तळहातापेक्षा लांब, चौकोनी, खाली काळं पडलेलं मूळ. मैत्रिणीनं ती माझ्याकडून घेऊन उलटसुलट केली, मुळांची टोकं मोजली, आणि तरीही खड्ड्याचा एक्स-रे काढला. दाढ अख्खी निघाली असं हाताला वाटणं आणि खड्डा रिकामा असणं, या दोन गोष्टी वेगळ्या. नखाएवढा तुकडा आत राहिला तरी तो महिनाभरानं वाहत्या नाकाच्या रूपानं भेटायला येतो.

मी पर्स उचलली. माझ्या हिशेबानं काम संपलं होतं. ‘थांब,’ ती म्हणाली, ‘आता बिघडायला सुरुवात होते.’

खड्डा केवढा, तर माझं मधलं बोट पूर्ण आत जाईल एवढा. तोंड उघडं, गवताचा चोथा चोवीस तास फिरतोय, आणि खड्ड्याचा तळ सायनसला लागून. माणसात अशा खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तिचंच पुढे हाड होतं. घोड्यातही तसंच व्हायला हवं, पण गुठळीला निवांत राहू देण्यासाठी खड्ड्याच्या तोंडाला बूच लागतं. आम्ही कवळीचं माप घेण्यासाठी वापरतो तसलंच सिलिकॉन तिनं दोन रंगांतलं कालवून वरच्या भागात बसवलं. वरच्याच भागात, हे महत्त्वाचं. बूच तळापर्यंत कोंबलं तर नवं मांस भरायला जागाच राहत नाही आणि बूच स्वतःच परका पदार्थ होऊन सडतं. ते आधीच निघून पडलं तर चोथा आत. चोथा तळ फोडून सायनसमध्ये गेला तर तोंड आणि सायनस यांच्यात कायमचं भगदाड पडतं.

हे भगदाड म्हणजे घोड्याच्या दंतवैद्यकातलं सगळ्यात चिवट दुखणं. घोडा खातो आणि खाल्लेलं थोडं थोडं सायनसमध्ये ढकलतो. तिथे ते कुजतं, नाक पुन्हा वाहतं, पुन्हा वास. मग चेहऱ्याच्या हाडाला छोटं भोक पाडून सायनस रोज मिठाच्या पाण्यानं धुवायचा, तोंडाकडून भगदाड साफ करून पुन्हा बूच, आणि हे आठवडेच्या आठवडे. माणसातही असं भगदाड पडतं, पण मी हिरडीचा पदर ओढून टाके घालते आणि पेशंटला नाक शिंकरू नका म्हणून सांगते. घोड्यात तिथे टाके टिकत नाहीत.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे मेलेल्या हाडाचा कपचा. इतका वेळ ताण दिल्यावर खड्ड्याच्या भिंतीचा एखादा पापुद्रा रक्तपुरवठा तुटून मरतो. शरीर त्याला बाहेर ढकलू बघतं, आणि तो तिथे असेपर्यंत जखम भरत नाही. म्हणून दोन-तीन आठवड्यांनी बूच काढून खड्डा धुऊन, कॅमेऱ्यानं बघून, बोटानं चाचपून घ्यायचा. तळ गुळगुळीत आणि लाल हवा. खरखरीत काही लागलं तर ते काढायचं, आणि बहुतेकदा तेवढ्यानंच अडलेली जखम पुढे सरकते. ही तपासणी मालक टाळतात, कारण घोडा तोवर खायला लागलेला असतो. घोडा खातोय म्हणजे बरा आहे, हा समज सगळ्यात नडतो. घोडे दुखणं लपवण्यात पटाईत, शिकार होणाऱ्या जनावरांची ती जन्माची सवय आहे.

पहिल्या चार-पाच दिवसांत पोटाकडेही लक्ष हवं. तोंड दुखतं म्हणून तो पाणी कमी पितो, कोरडा चारा नीट न चघळता गिळतो, वर गुंगीच्या औषधांनी आतडी मंदावलेली. लीद कमी झाली, खुरानं जमीन उकरायला लागला, कुशीकडे वळून बघायला लागला तर ते पोटशुळाचं लक्षण, दाढ विसरून डॉक्टरला बोलवा. म्हणून भिजवलेला मऊ चारा, ओलं लसूणघास, कोमट पाणी. वेदनाशामक औषधही मोजूनमापून, कारण फिनाइलब्युटाझोन जास्त झालं तर घोड्याच्या पोटात व्रण पडतात.

आणि धनुर्वात. आपल्या ओळखीच्या प्राण्यांत घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं नाही, आणि तोंडातला खोल खड्डा त्या जंतूला हवा तसा. सर्पदंशावरचं औषध घोड्यांच्या रक्तापासून बनतं, हे मुंबईकरांना हाफकिन संस्थेमुळे ठाऊक असतं. त्या घोड्याला स्वतःला मात्र धनुर्वाताची साधी लस वेळेवर मिळाली नाही तर त्याला कुणी वाचवू शकेलच असं नाही. दाढ काढण्याआधी लसीचा कागद बघा. लग्नाच्या वरातीत किंवा चौपाटीवर फिरणाऱ्या घोड्यांचा असा कागद बहुधा नसतोच, मग लस दिली आहे असं धरून चालायचं नाही. खिशाला खासगी डॉक्टर परवडत नसेल तर मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, जनावरांसाठी ते एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे.

आता ती गोष्ट, जी मला अजिबात सुचली नव्हती आणि जिच्यासाठी हा लेख लिहायला बसले.

शिसपेन्सिल आठवा. बादलची वरची १०९ गेली. तिच्याखाली जबड्यात ४०९ आहे (४ म्हणजे खालची उजवी बाजू), ती वर्षाला दोन-तीन मिलिमीटर वर सरकतच राहणार. आधी १०९ तिला घासून जागेवर ठेवायची. आता समोर कुणी नाही. दोन-तीन वर्षांत ती शेजारणींच्या वर सुळक्यासारखी उभी राहते आणि वरच्या रिकाम्या जागेत घुसते. घोडा दाढा पुढे-मागे आणि आडव्या सरकवून गवत दळतो. मध्ये असा सुळका आला की जातं अडकतं. तो एकाच बाजूनं चघळतो, दुसऱ्या बाजूच्या दाढांना धारा येतात, धारांनी गाल आणि जीभ कापते. खूपच वाढली तर ती वरच्या हिरडीत टोचून, ज्या जागेची एवढी काळजी घेतली तिथेच नवी जखम करते.

म्हणजे एक दाढ काढली की तिच्या समोरची दाढ, तो घोडा जिवंत असेपर्यंत, दर सहा ते बारा महिन्यांनी घासावी लागते. एकदम सगळी घासून टाकता येत नाही, कारण दाढेच्या आत जिवंत गाभा आहे. जास्त घासली किंवा यंत्राच्या पात्यानं तापली तर गाभा उघडा पडतो किंवा मरतो, आणि आपण आपल्या हातानं दुसरी दाढ काढण्याची वेळ आणतो. थोडी थोडी, काही मिलिमीटरच.

रिकाम्या जागेच्या दोन्ही बाजूच्या दाढाही स्वस्थ बसत नाहीत. ओळीच्या दाबामुळे त्या आत कलतात, जागा आकसते, काही वर्षांत जवळजवळ बुजते. हे ऐकायला बरं वाटतं, पण त्या सरकताना इतर दाढांमध्ये बारीक फटी पडतात, फटीत चोथा अडकतो, हिरडी सडते. मी माणसाची दाढ काढली की पूल बसवते किंवा स्क्रूवर नवी दाढ. घोड्याला तसं काही बसवत नाहीत. त्याची रिकामी जागा माणसांनी हातानं सांभाळायची.

हे मैत्रिणीनं मालकाला सांगताना मी पाहिलं. दाढ काढण्याचा खर्च त्यांनी न कुरकुरता ऐकला होता. दरवर्षी दोनदा तोंड तपासून घासायचं म्हटल्यावर म्हणाले, ‘कायमचं?’ मैत्रीण म्हणाली, ‘हो, तो आहे तोवर.’ ते जरा वेळ गप्प राहिले. घोडा विकला तर नव्या मालकाला हे सांगायचं, लिहून द्यायचं, असंही तिनं बजावलं. घोडे हात बदलतात, आणि गेलेल्या दाढेची आठवण नव्या तबेल्यात जात नाही. दोन वर्षांनी नव्या ठिकाणी घोडा बारीक होतो, चंदी सांडतो, आणि तिथे कुणाला कळतच नाही का.

बादलचं बूच तिसऱ्या आठवड्यात निघालं. खड्ड्याच्या मागच्या कडेला हाडाचा एक तांदळाएवढा कपचा मिळाला, तो काढला. नाक पाचव्या आठवड्यात कोरडं पडलं. मामा अजून रोज सकाळी खरारा करण्याआधी उजव्या नाकपुडीला नाक लावतात, मला फोटो पाठवत नाहीत, फोटोत वास येत नाही म्हणतात. धुतलेली दाढ मी मागून आणली. माझ्या टेबलावर पेपरवेटसारखी ठेवली आहे, पेशंट विचारतात हे काय, मी सांगते, त्यांची स्वतःच्या दाढेबद्दलची तक्रार जरा कमी होते.

परवा मामांचा फोन आला. ‘ताई, डॉक्टरबाईंचा फोन लागत नाही. खालची दाढ बोटाला थोडी वर लागतेय बघा. सहा महिने व्हायला अजून पंधरा दिवस आहेत, आधी बोलवू का?’

मी म्हटलं, बोलवा.